सिस्टर सिल्डा आणि लिग्नम लेनचा खड्डा

किंग्स्टनमध्ये गोदीकडे उतरत जाणाऱ्या ज्या गल्ल्या आहेत, त्यातली एक लिग्नम लेन. तिच्या तोंडाशी एक खड्डा होता. नळखात्याच्या माणसांनी कधीतरी तिथे पाइप शोधायला खोदलं. पाइप काही सापडला नाही, आणि पुढे ती माणसंही सापडली नाहीत. मग पाऊस पडत गेला, मिनीबसा आपटत गेल्या आणि खड्डा आपला वाढत गेला. पावसानंतर त्यात बदकं पोहायची. कुणाची होती कोण जाणे, गल्लीत तर कुणाकडेच बदकं नव्हती.

या गल्लीत आयसिल्डा फेगन राहायची. सगळे तिला सिस्टर सिल्डा म्हणत. सकाळी ती प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी नारळाच्या दुधातला भात शिजवायची, आणि दुपारनंतर कविता करायची. आमच्याकडे ज्याला डब म्हणतात तसल्या कविता, ढोल आणि बेस गिटारच्या ठोक्यावर उभ्याने बोलायच्या. भाताच्या हंड्यात डाव फिरवताना तिला ठोका सापडायचा, आणि ठोका सापडला की शब्द आपोआप यायचे. कुणी मेलं तर मर्तिकाला ती बोलायची, दवाखान्याच्या रांगेत पोरांना लस टोचून घ्या म्हणून बोलायची, गल्लीतला एखादा पोरगा पोलिसांनी उगाच उचलला तर चौकीच्या फाटकासमोर बोलायची. दर शनिवारी सकाळी पत्र्याच्या चर्चमागच्या खोलीत तिचा वर्ग भरायचा. गोदीवरचे हमाल, नर्सा, फळवाल्या, सगळे तिथे येऊन आपापलं दुःख ठोक्यात बसवायला शिकायचे.

तिच्या जोडीला बेस वाजवायला कथबर्ट असायचा. उंच, वाळका, साठीकडे झुकलेला माणूस. तोंडाने तो फक्त "हं" म्हणायचा, बाकीचं सगळं बेसवर.

खड्ड्यावरची कविता सिल्डाने केली ती फिट्झीची मिनीबस त्यात तोंड खुपसून पडली त्या दिवशी. कविता अशी सुरू व्हायची:

*खड्डा म्हणतो, मी लहान होतो,*
*एका टाचेएवढा होतो,*
*तुमची मतं खाऊन मोठा झालो,*
*आश्वासनं पिऊन खोल झालो.*
*कोण भरणार? — भर!*
*कधी भरणार? — भर!*

*माझ्यात पडली पाद्र्याची सायकल,*
*आमेन म्हणायच्या आत पडली.*
*माझ्यात पडली निवडणुकीची गाडी,*
*चाकं खाली, भोंगा वर,*
*"विकास, विकास" बोंबलत पडली.*
*कोण भरणार? — भर!*

यातलं "भर!" लोकांनी ओरडायचं. पुढच्या शनिवारी कोपऱ्यावर, माणसापेक्षा उंच स्पीकर लावून तिने ती पहिल्यांदा म्हटली, तेव्हा "भर!" असं काही उठलं की डॉमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या सोंगट्या टेबलावरून घरंगळल्या.

सोमवारी सिल्डा कथबर्टला घेऊन थेट नगरपालिकेत गेली. सोनेरी काडीचा चष्मा लावलेला एक कारकून खिडकीत बसला होता.

"बोला बाई."

सिल्डा बोलली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. कथबर्टने खिडकीच्या फळीवर बोटांनी ठोका धरला. दुसऱ्या "कोण भरणार?"ला मागची अख्खी रांग "भर!" म्हणून ओरडली, आणि शेवटच्याला आतला शिपाईही. कारकुनाने चष्मा काढून डोळे पुसले.

"फार सुंदर," तो म्हणाला. "अंगावर काटा आला बघा. पण अडचण अशी आहे बाई, की यात यमक आहे."

"मग?"

"यमक असलं की प्रकरण सांस्कृतिक खात्याकडे जातं. रस्ते खात्याला फक्त गद्य चालतं."

"बरं, मग गद्यात सांगते. आमच्या गल्लीत खड्डा आहे. बुजवा."

"आता कसं चालेल? एकदा यमकात सांगून झालंय ना. एकच खड्डा दोन खात्यांकडे कसा असेल?"

सिल्डाने कथबर्टकडे बघितलं. कथबर्ट म्हणाला, "हं."

सांस्कृतिक खात्याने मात्र काम चोख केलं. त्यांनी त्या वर्षीच्या उत्सवात कवितेला पहिलं बक्षीस दिलं. सिल्डाच्या हातात ढाल देताना नगरसेवक टलक भाषणात म्हणाले, "बंधुभगिनींनो, असे खड्डे आहेत म्हणून असे कवी आहेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. टलकसाहेब माणूस दिलदार. स्वतःच्या गाडीने ते सिल्डाला घरी सोडायला आले आणि गल्लीच्या तोंडाशी गाडीसकट खड्ड्यात गेले. गल्लीने दोर लावून त्यांना बाहेर काढलं. काढताना ते खिडकीतून सगळ्यांना हात हलवत होते.

ते गेल्यावर सिल्डा पायरीवर बसली. ढाल मांडीवर होती.

"किती वर्षं झाली रे कथबर्ट आपल्याला?" ती म्हणाली. "रस्त्यावरच्या दिव्यांवर कविता केली, दिवे आले नाहीत. दवाखान्यावर केली, तर होता तो डॉक्टरही बदलून गेला. लोक नाचतात, घाम पुसतात, 'सिस्टर, काय बोललीस' म्हणतात आणि घरी जातात. मला एकदाच, आयुष्यात एकदाच, माझ्या शब्दाने काहीतरी हललेलं बघायचंय. दगड का होईना."

कथबर्टने बेस मांडीवर घेऊन खालच्या तारेवर एकच सूर वाजवला, लांब आणि जाडजूड. सिल्डाला त्याने बरं वाटलं.

त्या दिवसांत कॅसेटचं राज्य होतं. बक्षीस समारंभाची कॅसेट रेडिओवर वाजली, आणि आठवड्याभरात सगळं बेट "भर!" म्हणायला लागलं. दुकानात दूध भरताना भर, बसमध्ये माणसं कोंबताना भर. मग लोकांना तो खड्डा बघायचा होता. आधी शेजारच्या गल्लीचे आले, मग डोंगरापलीकडचे. फिट्झी चतुर माणूस. त्याने गल्लीच्या तोंडाशी मिनीबसचा नवा थांबा सुरू केला. "खड्डा! खड्डावाले उतरा! पाय बघून टाका!" असं ओरडत तो बस रिकामी करायचा.

आलेली माणसं भुकेली असायची. गल्लीच्या कोपऱ्यावर मिस युलॅली मासे तळायची. भारदस्त बाई, आवाज तिच्या कढईतल्या तेलासारखा, सतत चुरचुरणारा. पूर्वी तिच्याकडे संध्याकाळी चार गिऱ्हाइकं यायची. आता दुपारपासूनच लोक खड्ड्याच्या काठावर पाय सोडून मासे आणि कसाव्याच्या कंदाची भाकर खात बसायचे. बर्फाचं रंगीत पाणी विकणारा आला, आंबेवाली आली. टोरांटोहून एक प्राध्यापक आले. ते टेपरेकॉर्डर घेऊन खड्ड्याशी गुडघ्यावर बसले आणि मिस युलॅलीला विचारायला लागले, "बाई, ही जी पोकळी आहे, ती तुम्हाला आतून जाणवते का?"

"साहेब, आत उतरा," मिस युलॅली म्हणाली, "जास्त जाणवेल."

ते उतरले. खूश होऊन वर आले आणि दोन मासे जास्त घेऊन गेले.

सिल्डाला आधी याची मजा वाटली. मग एकदा शाळेतून परत येताना तिने बघितलं, तर गवंडी खड्ड्यात उभा राहून काठाला सिमेंट लावत होता.

"अरे, काय चाललंय?"

"डागडुजी, सिस्टर."

"खड्ड्याची?"

"मग? असाच सोडून द्यायचा का? कडेची माती आत सरकतेय. अशाने चार पावसांत आपोआप भरून जाईल की तो."

सिल्डाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तरातरा मिस युलॅलीकडे गेली.

"गवंडी तू बोलावलास?"

"सगळ्यांनी मिळून बोलावला. गरम आहे, एक मासा खाऊन घे."

"मासा नको मला! अगं, माझी कविता काय म्हणते? भर म्हणते!"

"म्हणू दे की. आम्हीही रोज म्हणतो. म्हटलं म्हणून भरायलाच पाहिजे का?"

"मग म्हणायचं कशाला?"

"बरं वाटतं म्हणून." मिस युलॅलीने मासा परतला. "सिस्टर, तुझ्या शब्दाने आमच्या चुली पेटल्या. मुलीला मी नर्सिंगला घातलं. डॉमिनोवाले म्हातारे पाहुण्यांना खड्ड्याचा इतिहास सांगतात, रोज नवा. तू आमची लेकच आहेस. पण आता काडी लावू नकोस."

सिल्डा घराकडे वळली. गल्लीच्या भल्यासाठी ती बोलत आली होती, आणि गल्लीचं भलं झालंही होतं. फक्त ते तिच्या शब्दांच्या बरोब्बर उलट्या बाजूने झालं होतं. त्या शनिवारी नेहमीप्रमाणे कोपऱ्यावर तिने कविता म्हटली खरी, पण "कोण भरणार?" विचारताना पहिल्यांदाच तिची जीभ अडखळली.

तेवढ्यात निवडणुका आल्या. टलकसाहेबांच्या विरोधात जो उभा होता त्याने भिंतीभिंतीवर एकच शब्द रंगवला, "भर!" टलकसाहेबांची झोप उडाली. आणि एका शनिवारी दुपारी, गल्ली जमलेली असताना, स्पीकर लागलेले असताना, खडीचा ट्रक, डांबराचं पिंप, रोलर आणि फावडी घेतलेली सहा माणसं लिग्नम लेनच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. पुढे हातात भोंगा घेऊन स्वतः टलकसाहेब.

"लिग्नम लेनच्या जनते!" ते गरजले. "तुमची मागणी मान्य झाली आहे!"

कुणी टाळी वाजवली नाही. चारही डॉमिनोवाले म्हातारे मुकाट्याने उठले, आपलं टेबल उचललं, खड्ड्यात उतरवलं, खुर्च्या उतरवल्या आणि आत बसून सोंगट्या वाटायला लागले.

"काका, बाहेर या," फावडंवाला म्हणाला.

"डाव संपला की येतो."

"कधी संपेल?"

"बघू. आज हात भारी आहे," म्हातारा म्हणाला आणि हातातल्या सोंगट्यांकडे बघत बसून राहिला. इतका सावकाश डाव त्याने जन्मात खेळला नव्हता.

मिस युलॅलीने माईक सिल्डाच्या हातात कोंबला. "बोल! सांग यांना, खड्डा आमचा आहे म्हणावं. तूच बोलू शकतेस गं. तुझं ऐकतात हे."

सगळी गल्ली सिल्डाकडे बघायला लागली. "भरू नका" हे दोन शब्द तिने मनात जुळवून बघितले. ते ठोक्यात बसेनात. माईक खाली करून ती नुसती उभी राहिली.

टलकसाहेबांनी हे हेरलं. "पाहा!" ते भोंग्यातून म्हणाले, "तुमची कवयित्री गप्प आहे, कारण तिचं म्हणणं आधीच सांगून झालंय! मी तुम्हाला तिच्याच शब्दांत आठवण करून देतो." आणि त्यांनी छाती फुगवून सुरुवात केली:

"खड्डा म्हणतो मी. लहान होतो एका. टाचेएवढा होतो तुमची मतं. खाऊन मोठा. झालो!"

दाढ उपटताना होतो तसा कथबर्टचा चेहरा झाला. सिल्डाने डोळे मिटून घेतले. टलकसाहेब पुढे सरकले. "माझ्यात पडली पाद्र्याची. सायकल आमेन!"

"थांबा!" सिल्डा ओरडली. "साहेब, पाया पडते, थांबा. 'मी'वर नाही हो थांबायचं. ठोका 'लहान'वर पडतो. खड्डा म्हणतो, मी *लहान* होतो."

"खड्डा *म्हणतो* मी लहान *होतो*," टलकसाहेब म्हणाले.

"नाही. ऐका जरा."

"सिस्टर, त्यांना कसली शिकवतेस!" मिस युलॅली कळवळली. पण सिल्डाला ते ऐकूच गेलं नाही. स्वतःचं पोर कुणी उलटं धरलं तर आईला दुसरं काही दिसतं का? तिने कथबर्टकडे बघितलं. कथबर्टने साहेबांना नुसता ठोका कळावा म्हणून बेसवर दोनच सूर दिले. मग आणखी दोन. ढोलवाल्याला राहवलं नाही. मोठे स्पीकर चालूच होते. जमिनीतून पोटात ठोका चढायला लागला.

"असं," सिल्डा म्हणाली, आणि बोलायला लागली.

त्या दिवशी ती जशी बोलली तशी पूर्वी कधी बोलली नव्हती आणि नंतरही नाही. "लहान होतो"वर पहिल्या फावड्याने खडी उचलली. "टाचेएवढा होतो"वर टाकली. मुद्दाम कुणी काही केलं नाही. हातात फावडं असलेल्या माणसाला त्या ठोक्यावर दुसरं काही करताच येत नव्हतं. सहा फावडी एकदम वर, एकदम खाली.

"कोण भरणार?" सिल्डाने विचारलं.

"भर!" गल्ली ओरडली. सवयच ती. मिस युलॅलीने ओरडून झाल्यावर तोंडावर हात ठेवला, पण पुढच्या "कधी भरणार?"ला तिचा हात आपोआप खाली आला. "भर!"

खड्ड्यातले म्हातारे सोंगट्या ठोक्यावर आपटायला लागले होते. मग शेवटचं कडवं आलं:

*उचल खुर्ची, उचल बूड,*
*उचल तुझा कागद, ऊठ,*
*खडी नसेल तर घाल माती,*
*माती नसेल तर घाल लाज,*
*— लाज कुठून आणणार आज?*

"उचल खुर्ची"ला दर शनिवारी सगळी गल्ली खुर्च्या डोक्यावर घेऊन नाचायची. म्हाताऱ्यांनीही घेतल्या. नाचत नाचत ते काठावर आले, टेबल त्यांच्या मागोमाग आलं, आणि त्यांच्या जागी खडी पडली. डांबर ओतलं गेलं, रोलर घरघरत पुढे गेला, ठोक्यावरच मागे आला, पुन्हा पुढे गेला. सिल्डाच्या शेवटच्या "कोण भरणार?"ला जे "भर!" निघालं ते डोंगरापर्यंत गेलं असणार.

मग ठोका थांबला.

समोर काळाभोर, गुळगुळीत, वाफाळता रस्ता होता. मिस युलॅली हातातल्या रिकाम्या परातीकडे बघत होती. परातीला खडी लागलेली होती. अर्धा ट्रक खडी तिने स्वतःच टाकली होती.

"हे काय झालं?" ती हळूच म्हणाली.

सिल्डा रस्त्याकडे बघत होती. दगड हलले होते. तिच्या शब्दाने, तिच्या डोळ्यांदेखत, ट्रकभर दगड हलले होते. आनंदाने तिला रडू फुटणार, एवढ्यात तिने मान वर करून माणसांचे चेहरे बघितले, आणि रडू आतच राहिलं.

त्यानंतर गल्ली तिच्याशी बोलेनाशी झाली. भांडण कुणी केलं नाही. सकाळी ती निघाली की पायऱ्यांवरचे लोक आकाशाकडे बघायचे. मिस युलॅली तिला बघून कढईवर झाकण ठेवायची. शनिवारच्या वर्गाला फक्त कथबर्ट आला. रिकाम्या बाकांसमोर त्याने तासभर वाजवलं, तिने तासभर ऐकलं, आणि दोघं घरी गेले. बाहेरगावचे लोक थोडे दिवस येत राहिले. म्हातारे त्यांना डांबराचा काळा डाग दाखवायचे, "इथे होता बघा." पण सपाट रस्त्याच्या काठावर पाय सोडून बसता येत नाही. तेही थांबले.

थांबला नाही तो फिट्झी. इतकी वर्षं त्याची मिनीबस गल्लीच्या तोंडाशी यायची आणि गोगलगाय व्हायची. आता ती उतारावरून सुटलेल्या आंब्यासारखी यायची. एकदा तिच्या आरशात मिस युलॅलीची मोठी छत्री अडकली आणि थेट गोदीपर्यंत गेली. बाकीचे बसवाले फिट्झीचं बघून त्याच्याहून जोरात जायला लागले. पाद्रीबुवा रस्ता ओलांडण्याआधी प्रार्थना करायचे, आणि लांबलचक करायचे.

शेवटी लोक नगरपालिकेत गेले. त्याच खिडकीत तोच कारकून होता.

"गतिरोधक पाहिजे," मिस युलॅली म्हणाली. "उंचवटा. गाड्या हळू होतील असा. आणि हे बघा, मी गद्यात बोलतेय."

"ते दिसतंय बाई," कारकून म्हणाला. "पण तुमच्या गल्लीने सपाट रस्ता मागितलाय. कविता आहे तशी, बक्षीसपात्र. आता उंचवटा मागायचा तर आधी ती कविता मागे घ्यावी लागेल."

मग मंडळी सिल्डाच्या दारात आली. इतक्या आठवड्यांनी येत होती, तरी माफीबिफीचं कुणी नाव काढलं नाही. मिस युलॅली दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाली, "ती कविता मागे घे म्हणतात."

"मागे कशी घेऊ? बोलून झालीय ती."

"मग उंचवट्यावर एक नवी कर."

"नाही," सिल्डा म्हणाली. "तुम्ही मागता एक, मी बोलते दुसरं, होतं तिसरंच. माझ्याकडची कविता संपली. जा तुम्ही."

ती खरंच तसं समजत होती. पण दोनच दिवसांनी, शाळा सुटल्यावर, पोरांच्या घोळक्यामागून ती घरी येत होती. एका मुलीचा डबा हातातून निसटला आणि रस्त्याच्या मधोमध घरंगळला. मुलगी तो आणायला मागे वळली. फिट्झीची बस उतारावरून येत होती. ब्रेक असे किंचाळले की चर्चच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बस थांबली ती डब्यावरच. मुलगी वाचली. डबा चपाती होऊन पडला.

मुलगी रडायला लागली. फिट्झी स्टिअरिंगला घट्ट धरून बसला होता. सिल्डाने मुलीला उचलून कडेला ठेवलं, आणि स्वतः परत जाऊन त्या काळ्या डागावर, बसच्या पुढ्यात उभी राहिली. फिट्झीच्या बसमागे दुसरी बस येऊन थांबली, तिच्यामागे तिसरी.

"सिस्टर, बाजूला हो गं," फिट्झी खोल गेलेल्या आवाजात म्हणाला.

"नाही. कविता चालू आहे."

"कुठे चालू आहे? तू काहीच बोलत नाहीस."

"येतेय."

आणि ती आली. त्या डब्याची कविता. आत काय होतं, कुणी भरून दिलं होतं, पहाटे उठून कुठल्या आईने. बेस नव्हता, ढोल नव्हता, इंजिनांची घरघर तेवढी होती. सिल्डाने ठोका त्या घरघरीतूनच उचलला. बसमधली माणसं आधी ओरडली, मग खिडकीबाहेर माना काढून ऐकायला लागली. कविता लांब होती. लोकांना भूक लागली. काहीजण उतरून मिस युलॅलीच्या कोपऱ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला सिल्डा पुन्हा तिथे उभी राहिली. तिसऱ्या दिवशी कथबर्ट खुर्ची आणि स्पीकर घेऊन आला. डॉमिनोवाल्यांनी टेबल पूर्वीच्याच ठिकाणी, पण आता जमिनीच्या पातळीवर मांडलं. त्या संध्याकाळी मिस युलॅली कागदात गुंडाळलेला मासा घेऊन रस्त्याच्या मधोमध आली.

"मीठ बघ जरा बरोबर आहे का," ती म्हणाली. इतक्या दिवसांनंतरचे तिचे पहिले मायेचे शब्द.

सिल्डाने खाऊन बघितला. "थोडं कमी आहे."

"काही कमीबिमी नाही. तुझ्या जिभेला कविता लागलीय," मिस युलॅली म्हणाली, आणि दोघी हसल्या. मागच्या बसने भोंगा वाजवला, तिला दोघींनी मिळून शिव्या घातल्या.

नगरपालिकेला हे कळलं तेव्हा टलकसाहेब स्वतः आले. निवडणूक ते जिंकले होते, त्यामुळे गोड बोलत होते.

"सिस्टर, रस्ता अडवणं हा गुन्हा आहे. मला कारवाई करावी लागेल."

"करा."

"कशी करू? लोक मला खातील. म्हणून आम्ही बसून मार्ग काढलाय. अडथळा बेकायदेशीर असतो, पण गतिरोधक कायदेशीर असतो. आजपासून तुम्ही दप्तरी गतिरोधक आहात."

सिल्डाने कथबर्टकडे बघितलं. "हं," कथबर्ट म्हणाला.

"नियमाप्रमाणे गतिरोधकावर पिवळेकाळे पट्टे लागतात," टलकसाहेब जरा ओशाळून म्हणाले. "लांबून दिसायला. आमचा माणूस रंग घेऊन आलाय, पण..."

"त्याला माझ्याजवळ येऊन तर बघू दे!"

शेवटी मिस युलॅलीने पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचं कापड आणून सिल्डाच्या डोक्याला बांधलं, आणि नियमाचं समाधान झालं. पावसाळ्याआधी रस्ते खात्याचा एक तपासनीस येतो. तो गतिरोधकाची उंची मोजतो, तडा गेलाय का विचारतो, आणि सिल्डा म्हणते, "गेलाय, पण आतून." तो "ठीक" असं लिहून घेतो आणि मासे खाऊन जातो. शनिवारचा वर्ग आता रस्त्यातच भरतो. सिल्डाला घसा धरला की हमाल, नर्सा, फळवाल्या पाळीपाळीने पट्टेवालं फडकं बांधून उभ्या राहतात. एकाची कविता फारच छोटी असल्यामुळे बसगाड्या त्याच्या अंगावरून जायला निघाल्या होत्या. त्याने जागच्या जागी चार कडवी वाढवली. सिल्डा म्हणते, त्यातली दोन चांगली आहेत.

परवाच दुपारी फिट्झीची बस आली. त्याने मान बाहेर काढली.

"सिस्टर, आज लहानशी म्हण गं! गोदीला बोट लागलीय, गिऱ्हाईक ताटकळलंय."

"आज नवीन आहे," सिल्डा म्हणाली.

"केवढी आहे?"

"काय माहीत. अजून संपलेली नाही."

फिट्झीने एक सुस्कारा सोडला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, आणि मागे वळून सगळ्या बसला सांगितलं, "मासे घ्यायचे असतील तर घेऊन या."